लक्ष्मीचं तोंड कुणीकडं?

१२ जानेवारी, रविवार

आज घरात एक खुर्ची आली आणि माझं डोकं फिरलं. म्हणून ही डायरी उघडली. अंगणवाडीत होते तोवर रोज रजिस्टर भरायचे, कुणाचं वजन किती, कुणाची लस राहिली. त्यात मनातलं लिहायला जागा नसायची. अजिनाथनं कंपनीतून आणलेली ही डायरी कोरीच पडली होती, हिच्यात जागाच जागा हाय.

अजिनाथ आमचा एकुलता एक, वाळूजला कामाला. त्याची बायको अंबिका बाळंतपणाला माहेरी गेलीय, पैठणच्या अलीकडं त्यांचं गाव. नोव्हेंबरात मुलगी झाली. मी जाऊन बघून आले. नाक आमच्याकडचं, कपाळ तिकडचं, आवाज कुणाचा ते सांगायला नको, आमचे हे म्हणले तुझाच. पौषात लेकरू आणायचं नाय, म्हणून पौष सरल्यावर वसंत पंचमीला आणायचं ठरलंय. रथसप्तमीच्या आत ती माझ्या घरी पायजे. तिचं पहिलं बोरन्हाण माझ्या दारात व्हायचंय.

आमच्या घरात रीत अशी की नातवंड पहिल्यांदा घरी येताना बापाच्या आईच्या मांडीवर बसून येतं. अजिनाथला माझ्या सासूनं एसटीत मांडीवर घेऊन आणला. वाटेत कुणाला हात लावू दिला नाय, मला पण नाय. मी शेजारी बसून नुसती बघत होते आणि मनात म्हणत होते, माझी पण पाळी येईल की कधी.

आणि आज अजिनाथनं भलंमोठं खोकं फोडलं. आत ही खुर्ची. काळी, चारी बाजूनं पट्टे. म्हणला, "आई, बाळी ह्याच्यात बसून येणार. गाडीत बांधायची असती."

मी म्हणलं, "आणि माझी मांडी काय वाळत घालू?"

तो म्हणला, "अंबिकेशी बोल." असा हुशार. आगीत दुसऱ्याला ढकलून जेवायला बसला.

१३ जानेवारी, सोमवार

बोलले. अंबिका नर्स हाय, मोठ्या दवाखान्यात, अपघाताच्या वॉर्डात. पोरगी गुणाची, पण एकदा नाय म्हणली की नायच.

मी म्हणलं, "अगं, सारं आयुष्य मी लेकरंच सांभाळली. माझ्या हातातून कधी एक पडलं नाय."

"मला म्हाईतंय, आत्याबाई. हाताचा दोष नसतोच. पण माझ्या वॉर्डात…" आणि ती थांबली.  तिकडून नुसतं बाळीचं कुरकुरणं ऐकू आलं. मग म्हणली, "खुर्ची असंल तरच आम्ही येऊ. रागावू नका."

मी रागावले नाय, असं मी तिला सांगितलं. बाळंतिणीचं मन हळवं असतं, कायबाय मनात येतं, ते धरून बसायचं नसतं. पण "तरच येऊ" म्हणजे काय? माझ्या नातीला माझ्या घरी यायला अट? दिवसभर भाजीत मीठ पडलं का नाय ते पण कळालं नाय. ह्यांनी गुपचूप जेवून घेतलं, म्हणजे पडलं नसणार.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

वाण द्यायला मालनबाई आली, समोरच्या घरातली. खुर्ची बघून म्हणली, "सत्यशीला, हे लेकराला बसवायचं का चोराला बांधायचं?" लई हसलो.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. मी नवीन नवीन अंगणवाडीत लागले तेव्हा म्हाताऱ्या सासवा बाळाला पहिला चीक पाजू द्यायच्या नायत. फेकून द्या म्हणायच्या, रीत हाय. मी एकेकीच्या दारात बसून भांडलेय. एका बाईनं तर माझ्या अंगावर खरकटं पाणी टाकलं. तरी दुसऱ्या दिवशी परत गेले. लेकराच्या जिवापुढं कसली आलीय रीत, असं तोंडावर सांगायचे. मालनबाई म्हणली, "तू लई खमकी होतीस." व्हते खरी.

१९ जानेवारी, रविवार

आज खुर्ची बसवायचा कार्यक्रम. बाप-लेक दोघं भिडले. आमचे हे म्हणजे केरबा, जन्म मेंढरामागं सुरू झाला आणि नोकरी वाळूजला कंपनीच्या गेटावर गार्ड म्हणून संपली. त्यामुळं कुठलीबी गोष्ट आत कशी घ्यायची नि बाहेर कशी काढायची ह्याचं त्यांना फार कळतं.

हे म्हणले, "पुढच्या सीटवर लावू. अजिनाथला गाडी चालवताना दिसंल."

अजिनाथ म्हणला, "पुढं एअरबॅग हाय बाबा. फुगली की लेकराच्या तोंडावरच बसंल." मग मागच्या सीटवर. पट्टा इकडून घातला, तिकडून काढला, बक्कल लावलं. मी खुर्चीला हात लावला तर ती पाळण्यागत हालायला लागली. ह्यांनी घरातनं दावं आणलं. मेंढरं बांधायची गाठ मारून खुर्ची सीटला आवळली आणि मिशीवर हात फिरवत म्हणले, "आता हत्ती आला तरी हालत नाय."

अंबिकेला व्हिडिओ कॉल लावला. तिनं बघितलं आणि आधी तोंडावर हात धरला. मला वाटलं रडती. हसत होती. "मामा, दावं काढा. दाव्यानं भागत नाय, गाडीचा पट्टाच लागतो. आणि तुम्ही लाल खुणेतनं घातलाय. ती मोठ्या लेकरांची वाट. बारक्यांची निळी." मग तिनं फोनवरनंच एकेक सांगितलं. निळ्या खुणेतनं पट्टा घाला. बक्कल लावा. आता गुडघा ठेवून खुर्ची खाली दाबा आणि वरनं पट्टा ओढा. ह्यांनी सगळं वजन घातलं, अजिनाथनं ओढला. आता जिथनं पट्टा जातो तिथं धरून हालवा. बोटभरसुद्धा सरकली नाय. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला लिहू, मी पण वाजवल्या.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. खुर्चीचं तोंड मागं होतं.

मी म्हणलं, "अरे, उलटी बसवली की तुम्ही!"

अंबिका म्हणली, "उलटीच बसवायची, आत्याबाई. बाळाचं डोकं जड, मान कच्ची. ब्रेक लागला की तोंड पुढं असलेल्याच्या मानेला झटका बसतो. मागं तोंड असलं की खुर्चीची पाठ सगळा मार घेती."

मान कच्ची असती ते मला सांगायला नको. हजार लेकरांच्या मानेखाली हात धरलाय मी. पण म्हणून काय लक्ष्मी पाठ करून घरात येणार? पहिल्यांदा? मी फोन अजिनाथच्या हातात देऊन आत निघून आले.

२१ जानेवारी, मंगळवार

ह्या घरात आमच्या पिढीत मुलगी नव्हती. ह्यांना बहीण नाय, मला लेक नाय. ही पहिली. महालक्ष्म्या बसवतो तेव्हा कशा आणतो? फाटकापासून तोंड घराकडं करून, पावलं काढत. माझ्या माहेरी बाजारातनं नवी मेंढी आणली तरी तिचं तोंड वाड्याकडं करून आत घ्यायचे. पाठ करून आत आलेलं जनावर घरी टिकत नाय म्हणायचे. मेंढीला जर मान हाय तर माझ्या नातीला नको?

ह्यांना सांगितलं. हे म्हणले, "मेंढीला बी कळत नाय आणि नातीला बी कळणार नाय." मी म्हणलं, "मला कळतं." त्यावर त्यांनी पेपर उघडला. बायकोला शेवटचा शब्द बोलू द्यायचा एवढं मात्र ते शिकलेत.

२४ जानेवारी, शुक्रवार

 आज झालं ते लिहूनच काढते.

मी ठरवलं होतं की मांडी किती पक्की हाय ते अजिनाथला दाखवायचं. ज्वारीचं पीठ दळून आणलं होतं, बाळीच्या वजनाएवढं पिशवीत भरलं. पिशवीला टोपडं बांधलं. अजिनाथ हसला, म्हणला, "आई, हे काय?" मी म्हणलं, "ही पिठाबाई. हिला मी मांडीवर घेऊन बसते, तू क्रांती चौकातनं चक्कर मारून आण. पडली तर तुमची खुर्ची, नाय पडली तर माझी मांडी."

मागं बसले. दोन्ही हातांनी घट्ट धरली, जशी खरी नात. आमच्या उस्मानपुऱ्यातनं क्रांती चौकापर्यंत मजेत आलो. मी तिला गाडी दाखवली, फुगेवाला दाखवला. अजिनाथ आरशातनं बघून हसत होता. मनात म्हणलं, बघा आता.

चौकात एक रिक्षा विचार न करता आडवी घुसली. अजिनाथनं ब्रेक मारला. जोरात पण नाय, रोज चौकात मारतात तेवढाच. मी पुढच्या सीटवर जाऊन आदळले आणि माझ्या हातात नुसतं टोपडं राहिलं.

पिशवी खाली पुढच्या सीटच्या लोखंडाला आपटून फुटली होती. सगळी गाडी पांढरी. अजिनाथ म्हणला, "आई, लागलं का?"  मी त्या टोपड्याकडं बघत होते. मी धरलं होतं. घट्ट धरलं होतं.

पीठच होतं. पीठच होतं, असं मी स्वतःला दहादा सांगितलं.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळीच अंबिकेला फोन केला. पिठाबाईचं सगळं सांगितलं.  ती बारीक आवाजात म्हणली, "आत्याबाई, तुम्ही स्वतः करून बघितलं. एवढं कोण करतं?" असं म्हणली, जसं काय मी मोठं कामच केलंय. मी तर तिला खोटं पाडायला गेले होते, ते तिला कुठं म्हाईत.

मी म्हणलं, "मांडी गेली. खुर्ची चालंल. माझं मन दुखलं, पण चालंल. फक्त तोंड पुढं कर."

"नाय, आत्याबाई."

"अगं, नुसतं घरापर्यंत. मग पुढं वर्षभर कर उलटं."

"घरापर्यंतच रस्ता असतो. बाकी कुठं जायचंय तिला?"

मी म्हणलं, तुला आमच्या रीतीची किंमत नाय. ती म्हणली, तसं नाय. मी म्हणलं, तसंच हाय. तिचा आवाज भरून आला. मग फोनवर तिची आई आली, आमच्या विहीणबाई बानाबाई. म्हणल्या, "इहिनबाई, अहो मी पण हिला हेच बोलले, लक्ष्मीला पाठमोरी कशी न्यायची. ऐकत नाय. रातभर लेकराकडं बघत बसती. जरा समजून घ्या." मी ठेवते म्हणलं आणि ठेवला.

म्हणजे बानाबाईंना पण माझंच बरोबर वाटतं. मग मला बरं का वाटंना?

 अंबिका म्हणली तर, येत नाय म्हणून? मग काय करणार? बोरन्हाणाची बोरं मी कुणावर ओतू? घरात पाळणा धुऊन ठेवलाय. सकाळपासून तीनदा जाऊन हालवून आले. अजिनाथ दुपारची पाळी असून दहालाच कंपनीत निघाला. कुणाची बाजू घ्यावी लागू नये म्हणून पळाला. बापावर गेलाय.

२६ जानेवारी, रविवार

अगं बाई गं! आज काय झालं ते नीट सगळं लिहायचंय.

सकाळी झेंड्यावरनं आल्यावर अजिनाथ म्हणला, आई, तोंड कुठं का असेना, पट्टे बांधायची सवय तरी करू. तो चिडला नव्हता, केविलवाणा झाला होता. मला त्याची दया आली. परत पिठाबाई केली, ह्यावेळी दुहेरी पिशवीत. प्लास्टिक कडक वाटलं म्हणून मी आधी खुर्चीत माझी जावळाच्या लोकरीची घोंगडी अंथरली. कोकरांची पहिली कातरण, मऊ मऊ. बाळीसाठी मुद्दाम विणून घेतलीय. त्यावर पिठाबाई बसवली, खांद्यावरनं पट्टे आणले, बक्कल टक्क.

फोनवर अंबिका. कालचं काय झालंच नाय असं दोघी बोलत होतो. म्हणली, "खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा." धरला. अख्खी घडी चिमटीत आली. "बघा, ढिला हाय. घोंगडी काढून बघा." काढली. घोंगडीची जाडी गेली तर पट्टा एवढा सैल पडला की पिठाबाई वरनं निसटली असती. आवळला. आता चिमटीत कायच येईना. "आता घोंगडी वरनं पांघरा," ती म्हणली, "पट्ट्याच्या वर. तिची आजीची घोंगडी राहिली आणि पट्टा पण राहिला." हे तिनं "आजीची" असं म्हणलं ना, तिथं मी जरा पाघळले. तोंड मात्र गंभीर ठेवलं.

मग मी पिठाबाईशेजारी बसले आणि चक्कर मारायला निघालो. गल्लीच्या मधोमध समोरनं पाण्याचा टँकर आला. टँकर काय मागं जात नाय, त्याची माणसं देवासारखी वाट बघत असतात. आम्हालाच मागं जावं लागलं, परत घरापर्यंत.

अजिनाथची एक गोष्ट जगाला ठाऊक हाय, त्याला रिव्हर्स येत नाय. येतो, पण येत नाय. गाडी कधी ह्या भिंतीकडं, कधी त्या भिंतीकडं. मालनबाईच्या कुंडीला टेकली, मालनबाई आतनं ओरडली. मी आपली पिठाबाईच्या तोंडाकडं बघत बसले होते, म्हणजे टोपड्याकडं. तिचं तोंड मागच्या काचेकडं. आणि मागच्या काचेत आमचं फाटक होतं. आणि ते फाटक जवळ जवळ येत होतं.

मी ओरडले, "थांब!"

अजिनाथनं घाबरून ब्रेक मारला. "काय ठोकलं?"

"काय नाय ठोकलं! अरे, ही बघ कुणीकडं बघतीय!"

"कोण?"

"पिठाबाई! घराकडं! गाडी उलटी आली की लक्ष्मी सुलटी येती!"

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. "आई, म्हणजे मी… गल्लीच्या कोपऱ्यापासून… रिव्हर्स?"

"व्हय."

"सगळी गल्ली बघत असंल."

"बघू दे. लक्ष्मी काय रोज येती का?"

घरात पळत गेले, चप्पल पण काढली नाय. ह्यांना सांगितलं. हे ऐकत राहिले, ऐकत राहिले, आणि मग खुर्चीवरनं उठून कपाटातनं गेटावरची जुनी शिट्टी काढली, तोंडात धरून एकच फुर्र वाजवली. त्यांना पटलं की ते बोलत नायत, कायतरी काढतात.

अंबिकेला फोन केला. सगळं सांगितलं.  मग ती हसायला लागली. एवढी हसली, एवढी हसली की बानाबाई काय झालं म्हणून पळत आल्या. बाळी दचकून रडायला लागली, तरी हिचं हसणं थांबंना. "कोपऱ्यापर्यंत सरळ, आणि तिथनं उलटं," ती म्हणली. "आत्याबाई, चालंल. चालंल नाय, पळंल! येते मी."

येते म्हणली. येते!

२९ जानेवारी, बुधवार, अमावस्या

पौष संपला. अजिनाथ रोज कामावर जायच्या आधी गल्लीत रिव्हर्सचा सराव करतो. मालनबाईनं कुंड्या गच्चीवर नेल्या. गल्लीला सगळं कळलंय, मी कुणाला सांगितलं नाय, फक्त मालनबाईला सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार, वसंत पंचमी

आली! आली, आली, आली.

सकाळी मी आणि अजिनाथ गेलो. हे घरीच थांबले, गल्ली मोकळी करायचं काम त्यांच्याकडं. बानाबाईंनी पुरण घातलं होतं. अंबिकेची ओटी भरली, बाळीला काजळाची तीट लावली. मग अंगणात सगळे गाडीभोवती जमले. बानाबाईंनी खुर्ची बघितली आणि कपाळाला हात लावला. मी म्हणलं, "इहिनबाई, काळजी नको, सगळी व्यवस्था केलीय," आणि मी स्वतः बाळीला खुर्चीत बसवलं. पट्टे खांद्यावरनं घेतले, बक्कल टक्क, चिमटीत धरून बघितलं, हनुवटी छातीला टेकली नाय ना ते बघितलं, मग वरनं घोंगडी. अंबिका शेजारी उभी होती. एकेक बघत होती. तिला दुरुस्त करायला कायच सापडलं नाय.

मी पुढं बसायला निघाले, तर अंबिका म्हणली, "आत्याबाई, तुम्ही मागं बसा तिच्याजवळ. मी पुढं बसते." मी म्हणलं, अगं तू आई. ती म्हणली, "म्हणून तर म्हणते." आणि मला पण पट्टा लावायला लावला.

आणि आता खरं सांगते. लेकरू मांडीवर असतं तर मला वाटभर काय दिसलं असतं? टोपडं. आज मला तिचं तोंड दिसलं, सगळी वाट. जांभई दिली ती दिसली. झोपेत ओठ हालवले ते दिसलं. माझं बोट धरलं, ते सोडलंच नाय. माझ्या सासूला एवढं मिळालं नव्हतं.

बिडकीनला थांबलो, तिला बाहेर काढून पाजलं, परत बांधलं. पुढं रस्त्याचं काम चालू हाय, तिथं एक ट्रक चुकीच्या बाजूनं आला. अजिनाथनं करकचून ब्रेक मारला. माझा हात आपोआप आडवा गेला तिच्यावर. गरजच नव्हती. खुर्ची जागची हालली नाय. बाळीनं नुसती भुवई वर केली, परत झोपली.

अंबिका पुढनं मागं वळली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाय. रक्तच नव्हतं त्यात. "आत्याबाई?"

"झोपलीय," मी म्हणलं. "बघ, झोपलीय गं. कायसुद्धा झालं नाय."

तिनं मान खाली घातली आणि खांदे हालायला लागले. मी पुढं हात घालून तिचा खांदा धरला. त्या वॉर्डात पोरीनं काय काय बघितलं असंल कुणास ठाऊक. मी विचारलं नाय. पार शहर येईस्तोवर एका हातात नात आणि दुसऱ्या हातात सून, अशी बसून आले.

गल्लीच्या कोपऱ्यावर हे शिट्टी घेऊन उभे. इस्त्रीची पँट, डोक्याला फेटा. पोरापोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळी गल्ली दोन्ही बाजूला. अजिनाथनं गाडी वळवली, पाठ घराकडं केली, कपाळाचा घाम पुसला. हे ओरडले, "येऊ द्या! येऊ द्या! डावं! तुझं डावं नाय, माझं डावं!" फुर्र, फुर्र. सगळी गल्ली एकदम, "येऊ द्या, येऊ द्या!" एका बाजूनं एक सांगतंय, दुसऱ्या बाजूनं दुसरं. गाडी म्हणजे नवरीच्या चालीनं. त्या गलक्यात बाळी जागी झाली. मोठे मोठे डोळे उघडले आणि मागच्या काचेकडं बघत राहिली. काचेत आमचं फाटक, फाटकाला झेंडूचं तोरण, आणि ते जवळ येत होतं. मी तिच्या कानात म्हणलं, "बघ, हे तुझं घर."

ओट्यावरनं मालनबाईनं मोठ्यानं विचारलं, "कोण आलं?"

गल्ली म्हणली, "लक्ष्मी आली!"

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं!" आणि मागनं कुणीतरी आगाऊ ओरडलं, "रिव्हर्स गिअरनं!" एवढा हशा झाला की अजिनाथचा पाय सटकला आणि गाडी फाटकाला हळूच टेकली. टेकली तर टेकली. पोचली.

मालनबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. रीतीनं आता आईनं लेकरू घेऊन आत जायचं. अंबिकेनं बाळीला खुर्चीतनं सोडवलं, उंबऱ्यापर्यंत आणलं, आणि माझ्यापुढं धरलं. "आत्याबाई, तुम्ही घेऊन चला. मी मागनं येते."

 घेतलं. छातीशी धरून खांद्यावर टाकलं, मानेमागं हात लावला. तिचं तोंड माझ्या खांद्यावरनं मागं, अंबिकेकडं. मी उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि नातीला घेऊन सरळ देवघरापर्यंत चालत गेले. सगळे टाळ्या वाजवत होते. अंबिका मागनं येत होती आणि सांगत होती, हसतीय, आत्याबाई, बाळी माझ्याकडं बघून हसतीय. मला काय दिसणार, माझी पाठ तिकडं. पण सगळं कसं रीतीनं झालं. लक्ष्मी तोंड घराकडं करून आली, कशाची म्हणून कसर राहिली नाय.

हे मात्र उंबऱ्याशी उभे राहून एवढे हसत होते की फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसायला लागले. अंबिका पण ओठ दाबून. मी विचारलं, काय झालं? हे म्हणले, "काय नाय. नात लई गुणाची हाय." आता जेवताना परत विचारलं, तरी सांगत नायत.